आधी बाग, मग पक्षी

बंगल्याच्या परसात, शेतघराच्या अंगणात किंवा गच्चीच्या एका कोपऱ्यात जाळीचे मोठे दालन उभे करायचे, त्यात झाडे लावायची आणि झेब्रा फिंच, गोल्डियन, बेंगालीज अशा चिमुकल्या पक्ष्यांच्या जोड्या सोडायच्या, ही हौस आपल्याकडेही रुजू लागली आहे. हातभर लांबीच्या पिंजऱ्यात दोन आडव्या काड्यांवर जन्म काढणाऱ्या पक्ष्याच्या तुलनेत हे दालन म्हणजे मोठीच सुधारणा, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण जागा वाढली की जबाबदारी कमी होते, असा एक समज या हौसेच्या सोबतीने पसरतो आहे. आत झाडे आहेत, माती आहे, ऊन-वारा आहे, तेव्हा पक्षी आपले आपण बघून घेतील, असे अनेकांना वाटते. आमचे मत याच्या नेमके उलट आहे. लागवड केलेल्या, उघड्यावरच्या पक्षीघरात माणसाची कामे वाढतात. आणि त्यांतले सर्वांत अवघड काम पैदास वाढवण्याचे नाही, ती वेळेवर थांबवण्याचे आहे.

हे पक्षी मुळात कुठले, ते आधी पाहिले पाहिजे. झेब्रा फिंच हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला, जेमतेम बारा ग्रॅम वजनाचा पक्षी. तिथे पाऊस कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून पाऊस पडून गवताला दाणा आला की लगेच वीण सुरू करायची, ही त्याची रीत. गोल्डियन फिंच उत्तर ऑस्ट्रेलियातला. जॉन गूल्ड या पक्षिअभ्यासकाने १८४४ मध्ये त्याला आपली दिवंगत पत्नी, चित्रकार एलिझाबेथ हिचे नाव दिले. ऑस्ट्रेलियाने १९६० मध्ये देशी पक्ष्यांची निर्यात बंद केली, त्यामुळे आज आपल्या बाजारात दिसणारे हे दोन्ही पक्षी पिढ्यान् पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेल्या वंशातले आहेत. बेंगालीजची गोष्ट तर आपल्याला फारच जवळची. हा पक्षी रानात कुठेच नाही. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी चीनमधून जपानमध्ये नेलेल्या पांढऱ्या पाठीच्या मनोलीपासून तिथल्या पाळणाऱ्यांनी तो घडवला. ती मनोली आपल्या कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर आजही मोकळी फिरते.

मनोलीचा विषय निघाला आहे तर तो इथेच नीट मांडलेला बरा. लाल मनोली, ठिपकेवाली मनोली, पांढऱ्या कंठाची मनोली हे सारे याच फिंच कुळातले आपले देशी पक्षी. पावसाळ्यात विणीच्या काळात लाल मनोलीचा नर असा काही रंगतो की पाहणाऱ्याला मोह व्हावा. आणि तो मोहच या पक्ष्यांच्या मुळावर आला. जाळ्यात धरून, कोंबून, कधी कृत्रिम रंगात बुडवून हे पक्षी विकले गेले. आपली लाल मनोली व्यापारातून आणि पिंजऱ्यांतून सुटून स्पेनपासून फिजीपर्यंत रानात स्थायिक झाली आहे, आणि ठिपकेवाली मनोली खुद्द ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर थवे करून राहते. १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांच्या व्यापारावर आपल्याकडे बंदी आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गुन्ह्यासाठीही तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा पक्षीघरात मनोली ठेवणे हा हौसेचा प्रश्नच नाही. विक्रेता ‘फार्मवर वाढवलेली आहे’ असे सांगत असला तरी नाही.

परदेशी पक्ष्यांच्या बाबतीत कायदा वेगळा आहे. झेब्रा फिंच हा आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या याद्यांमध्ये नाही. जावा स्पॅरो मात्र त्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. इंडोनेशियातल्या त्याच्या मूळ मुलखात तो पिंजऱ्यांसाठी इतका धरला गेला की तिथेच त्याचे अस्तित्व धोक्यात आले. अशा यादीतला पक्षी बाळगणाऱ्याने केंद्र सरकारच्या २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंदणी करणे बंधनकारक आहे. पुढे जन्म, मृत्यू आणि हस्तांतर यांचीही नोंद द्यावी लागते. ही माहिती पक्षी विकणाऱ्या प्रत्येक दुकानात, मराठीत, दर्शनी भागात लावलेली असायला हवी. ती लावून घेणे वनविभागाला अवघड नाही.

पक्षी पाळावेतच का, हा प्रश्न टाळून पुढे जाणे आम्हाला योग्य वाटत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये, पक्ष्यांना आकाशात उडण्याचा हक्क आहे आणि त्यांना पिंजऱ्यात कोंडून व्यापार करण्याचा हक्क माणसाला नाही, असे मत नोंदवले होते. ते मत ज्यांना पटते त्यांच्याशी आमचे भांडण नाही. पण शेकडो पिढ्या बंदिवासात जन्मलेल्या झेब्रा फिंचला उद्या दार उघडून सोडून दिले तर तो मुक्त होत नाही. दोन दिवसांत तो कावळ्याच्या किंवा मांजराच्या तोंडी जातो. आणि तगला, तर आपल्या मनोलीच्या दाण्यात आणि घरट्याच्या जागेत वाटेकरी होतो. जे पक्षी आज आहेत त्यांना उडण्याएवढी जागा, लपण्याएवढी झाडी आणि माणसाचा संयम मिळावा, एवढेच आज करता येण्याजोगे आहे. उघड्यावरचे पक्षीघर त्यासाठीच हवे.

बांधकामाचे बहुतेक निर्णय वाऱ्यापावसावर ठरतात. आपल्याकडे मोसमी पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिणेच्या बाजू भिंतीने किंवा पत्र्याने बंद हव्यात आणि उघडी जाळी पूर्वेकडे, म्हणजे सकाळचे कोवळे ऊन थेट आत येते. ऑस्ट्रेलियातल्या पुस्तकांत निम्म्याहून अधिक छत उघडे ठेवायला सांगितलेले असते. कोकणात तसे केले तर जुलैपर्यंत आतली माती चिखल होईल आणि ओलीतून येणारी बुरशी पक्ष्यांच्या फुप्फुसांत जाईल. कोकणात दोन तृतीयांश छत पक्के असावे, मराठवाड्यात अर्धे पुरते. फिंच आडवे उडतात, त्यामुळे उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि सात फूट उंच दालनात पाच-सहा जोड्या सुखाने राहतात. त्याहून जास्त ठेवणाऱ्याने आधी दालन वाढवावे.

जाळीत काटकसर करू नये. अर्ध्या इंचाच्या भोकातून फिंच बाहेर पडत नाही, पण उंदराचे पिल्लू आणि लहान साप आत येतात. म्हणून खालचे तीन फूट तरी पाव इंच भोकाची जाळी हवी आणि ती जमिनीखाली फूट-दीड फूट पुरलेली हवी. घूस खणत येते ती तिथेच अडते. धामण आणि मांजऱ्या साप जाळीवर सहज चढतात. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवावे. धामण शेतकऱ्याच्या उपयोगाची आहे आणि आत शिरायला वाट राहिली हा तिचा दोष नाही. नव्या गॅल्व्हनाइज्ड जाळीवरचा जस्ताचा थर पक्ष्यांनी चोचीने खरवडला तर विषबाधा होते. त्यासाठी जाळी पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरने घासून, धुऊन, काही आठवडे पावसात किंवा उन्हात पडू द्यावी. दारे दोन असावीत, एकामागे एक, मध्ये माणूस उभा राहील एवढ्या जागेसह. एकच दार असलेल्या पक्षीघरातून कधी ना कधी पक्षी सुटतोच.

रात्रीचा धोका वेगळाच असतो. छतावरून मांजर चालले किंवा पिंगळा जाळीवर येऊन बसला की झोपलेले पक्षी अंधारात बिथरून जाळीवर आपटतात आणि सकाळी खाली मेलेले सापडतात. छताला दोन जाळ्या, मधे वीतभर अंतर ठेवून मारल्या तर पंजा आत पोहोचत नाही. आत मंद दिवा ठेवला तर घाबरलेल्या पक्ष्याला फांदी पुन्हा सापडते. दाणे आणि बसण्याच्या फांद्या पक्क्या छताखालीच हव्यात, कारण उघड्या जाळीवर बसणाऱ्या कबुतरांची आणि चिमण्यांची विष्ठा थेट खाली पडते. भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, कोंबड्यांत झाली. पक्षी पाळणाऱ्याने ही गोष्ट विसरून चालणार नाही.

आता बाग. इथे आम्हाला थोडे रेंगाळायचे आहे, कारण पक्षीघरातल्या झाडांना बहुतेक जण शोभा समजतात. दाट झुडूप हे फिंचचे घर असते, भीती वाटली की घुसायची जागा असते आणि दुसऱ्या जोडीची नजर अडवणारी भिंतही असते. मोकळ्या दालनात ज्या जोड्या दिवसभर एकमेकांच्या मागे लागतात त्याच जोड्या मध्ये मेंदीचे कुंपण आले की शांत होतात. मेंदी, जास्वंद, कढीपत्ता, डाळिंब, बुटका बांबू, गवती चहा, बाजूच्या जाळीवर मधुमालती. हे सगळे आपल्या हवेत न रुसता वाढते. झाडे कडेला आणि टोकांना लावावीत, मधला पट्टा उडण्यासाठी मोकळा ठेवावा. एका कोपऱ्यात राळा किंवा वरी पेरली तर हिरव्या कणसांतला दुधाळ दाणा पक्षी स्वतः तोडून खातात. रानात त्यांची पिल्ले याच कच्च्या दाण्यावर वाढतात, आणि कोरड्या दाण्यात ते सत्त्व नसते. झाडांवर किडेही येतात. झेब्रा फिंचला त्यांच्यावाचून अडत नाही, पण कॉर्डन ब्ल्यूसारख्या आफ्रिकी फिंचची पिल्ले किड्यांशिवाय जगवणे फार कठीण. म्हणून आत पालापाचोळ्याचा एक ढीग कुजत ठेवावा आणि कीटकनाशकाची बाटली पक्षीघराच्या आसपासही आणू नये.

काही झाडे मात्र कधीच नकोत. कण्हेर, बिट्टी, धोत्रा, गुंज, घाणेरी ही आपल्या कुंपणांवरची नेहमीची मंडळी विषारी आहेत. नर्सरीतून हौसेने आणली जाणारी डिफेनबेकिया आणि पॉइन्सेटियाही बाहेरच ठेवावी. ॲव्होकॅडो पक्ष्यांना घातक असतो, पान असो वा फळ.

दाण्याची गोष्ट सोपी आहे, पण ती रोज करावी लागते. राळा मुख्य, सोबत बाजरी आणि वरी. भिजवून मोड आणलेला दाणा उत्तम, पण पावसाळ्यात तो काही तासांत आंबतो, तेव्हा सकाळी ठेवून दुपारच्या आत काढून टाकावा. कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस जाळीला अडकवावा. उकळून वाळवलेले अंड्याचे टरफलही चालते. अंघोळीसाठी उथळ, खरबरीत परळ हवा आणि त्यातले पाणी रोज बदललेले. विदर्भात पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला की जाळीवर ओला गोणपाट आणि फवाऱ्याचे बारीक तुषार यांवाचून इलाज नाही. झेब्रा फिंच वाळवंटातला आहे म्हणून काहीही सोसेल, असे मानू नये. तिथे तो उन्हाच्या वेळी सावलीत आणि पाणवठ्याजवळ जाऊ शकतो. इथे त्याला जाळी आहे.

उन्हाशी या पक्ष्याचे नाते किती खोल आहे, हे २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डीकिन विद्यापीठातील मिलेन मॅरिएट आणि कॅथरीन ब्यूकॅनन यांनी दाखवून दिले. उघड्यावरच्या पक्षीघरांत त्यांनी ध्वनिमुद्रण केले, तेव्हा लक्षात आले की अंडी फुटायला काही दिवस उरलेले असताना तापमान सव्वीस अंशांच्या वर गेले की अंड्यांवर बसलेले आईबाप एक वेगळा आवाज काढतात. अंड्यातल्या पिल्लाला तो ऐकू येतो. ज्यांनी तो ऐकला त्यांची गरम घरट्यातली वाढ कमी झाली, आणि लहान शरीर उष्णतेत सोयीचे असते. पुढे अशा पक्ष्यांना पहिल्या विणीत पिल्लेही अधिक झाली. अंडी उबवण्याच्या यंत्रात किंवा वातानुकूलित खोलीतल्या पिंजऱ्यात असे काही घडण्याची शक्यता नाही. बाहेरची हवा, आईबाप आणि अंडी एकत्र असणे हे त्या जिवाच्या घडणीचाच भाग आहे. उघड्यावरच्या पक्षीघराच्या बाजूने याहून मोठा पुरावा आम्हाला माहीत नाही.

पैदाशीचा प्रश्न इथूनच सुरू होतो, कारण चांगल्या पक्षीघरात झेब्रा फिंच थांबत नाही. मादी चार ते सहा अंडी घालते, नर-मादी आळीपाळीने उबवतात, बारा ते चौदा दिवसांत अंडी फुटतात, तीन आठवड्यांच्या आत पिल्ले घरट्याबाहेर येतात आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यात स्वतःचे दाणे स्वतः खातात. तीन महिन्यांत ती स्वतः विणीला येतात. हिशेब करून पाहा. एका जोडीने वर्षात तीन वेळा, प्रत्येक वेळी चार पिल्ले वाढवली तर वर्षअखेर चौदा पक्षी होतात. पुढच्या वर्षी त्या सातही जोड्यांनी तेच केले तर अठ्ठ्याण्णव. दहा फुटांच्या दालनात एवढे पक्षी जगतच नाहीत. त्याआधी झाडे उघडी पडतात, माती विष्ठेने भरते, घरट्यांसाठी मारामाऱ्या होतात, रोग येतो. आणि माणूस जादा पक्षी मिळेल त्या भावाने दुकानदाराला देऊन टाकतो. म्हणजे ज्या हातभर पिंजऱ्यातून सुटका म्हणून ही हौस सुरू झाली त्याच पिंजऱ्याकडे नवे पक्षी जातात.

यावरचा उपाय कोणत्याही जुन्या पाळणाऱ्याला ठाऊक असतो, पण मन घट्ट करावे लागते. घरटी, म्हणजे ती मडकी किंवा वेताच्या टोपल्या, बारमाही टांगून ठेवू नयेत. दिवाळीनंतर लावावीत, होळीच्या सुमारास काढावीत. एप्रिल-मेचा उन्हाळा आणि त्यापुढचा ओला पावसाळा हा विश्रांतीचा काळ. एका हंगामात दोन विणी पुरे. तिसरी फार तर. सलग अंडी घालणाऱ्या मादीचे कॅल्शियम संपते, मग अंडे पोटात अडते आणि ती मरते. घरटी काढूनही मादी झुडपात अंडी घालते, कारण आपण लावलेली झाडी तिला तेच सुचवत असते. त्यासाठी काथ्या आणि वाळले गवत उचलून घ्यावे, मऊ खाद्य बंद करून साधा दाणा द्यावा. तरीही अंडी आली तर ती लगेच, भ्रूण वाढू लागण्याआधी, काढून प्लास्टिकची नकली अंडी ठेवावीत. त्याहून सोपा मार्ग नर आणि मादी काही महिने वेगळ्या दालनांत ठेवण्याचा. घरट्यासाठी सुती दोरा मात्र कधीच देऊ नये. तो पिल्लाच्या पायाला गुंडाळला की पाय जातो.

जोड लावताना आणखी दोन गोष्टी पाहायला हव्यात. प्रत्येक पिल्लाच्या पायात पहिल्या दहा दिवसांत क्रमांकाची कडी घालावी आणि वहीत आईबाप लिहावेत. नाहीतर तिसऱ्या पिढीत भाऊ-बहिणीच्या जोड्या कधी लागल्या ते कळतही नाही. आणि बेंगालीजसोबत जवळच्या जातीच्या परदेशी मनोली किंवा त्यांचे संकर ठेवू नयेत. संकर सहज होतो, मग ना हा वंश शुद्ध राहतो ना तो.

एका रिवाजाबद्दल आम्हाला स्पष्ट बोलायचे आहे. गोल्डियन महाग असतो, म्हणून त्याची अंडी काढून बेंगालीजच्या जोडीखाली ठेवायची आणि गोल्डियन मादीला पुन्हा अंडी घालायला लावायची, हा व्यापारी पैदासकारांचा जुना मार्ग. बेंगालीज दुसऱ्याची पिल्ले मायेने वाढवतात, त्यामुळे तो यशस्वीही होतो. पण जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस इमेलमान यांनी गेल्या शतकाच्या मध्यानंतर दाखवून दिले आहे की बेंगालीजने वाढवलेला झेब्रा फिंचचा नर बेंगालीजचेच गाणे शिकतो आणि मोठा झाल्यावर बेंगालीज मादीलाच मागणी घालतो, समोर स्वजातीची मादी असली तरी. फिंचचे गाणे रक्तातून येत नाही. ते पिल्लू पंचविसाव्या ते नव्वदाव्या दिवसाच्या दरम्यान बापाकडून ऐकून घोकते. त्या सुमारे दोन महिन्यांत बाप जवळ नसेल तर ते कायमचे हुकते. अशा रीतीने वाढलेल्या पक्ष्यांच्या पुढच्या पिढ्यांना आपली अंडी उबवण्याची सवय राहत नाही, अशी तक्रार पाळणारेच करतात. आईबाप मेले किंवा त्यांनी पिल्ले टाकली, तर जीव वाचवण्यासाठी बेंगालीजची मदत घ्यावी. रंग आणि भाव मिळवण्यासाठी घेऊ नये. ज्याच्या पक्षीघरातले गोल्डियन स्वतःची पिल्ले स्वतः वाढवतात त्याच्याकडूनच पक्षी घ्यावा. किंमत जास्त पडली तरी चालेल.

ज्यांना यंदा सुरुवात करायची आहे त्यांनी घाई करू नये. उन्हाळ्यात सांगाडा आणि जाळी उभी करावी, जाळी धुऊन घ्यावी, पहिल्या पावसाबरोबर झाडे लावावीत आणि तो संपूर्ण पावसाळा झाडांना द्यावा. पाणी कुठे साचते, छत कुठे गळते, मुंग्या कुठून येतात, उंदीर कुठे खणतो, हे सारे त्या चार महिन्यांत रिकाम्या पक्षीघरातच दिसते. मेंदी कमरेएवढी झाली, राळ्याला कणीस आले की मग पक्षी आणावेत. तेही एकाच ठिकाणाहून, एकाच जातीचे, तीन जोड्या. दोन जोड्या ठेवल्या तर त्यांतली एक दुसरीला जगू देत नाही. तीन झाल्या की भांडण वाटले जाते. नवे पक्षी महिनाभर वेगळ्या पिंजऱ्यात ठेवून, त्यांची विष्ठा पशुवैद्यकाकडून तपासून मगच आत सोडावेत. पहिल्या वर्षी घरटी अजिबात टांगू नयेत. आणि पहिली घरटी लावण्यापूर्वी, होणारी पिल्ले कोणाकडे, किती मोठ्या दालनात जाणार आहेत, त्यांची नावे वहीत लिहिलेली असावीत. नावे नसतील तर मडकी माळ्यावरच राहू द्यावीत.